आयर्विनला ४५ फूट, मग आपल्या दारात किती? सांगलीत व्हीआर संशोधनाचा पहिला प्रयोग उभारताना

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "आयर्विनला किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. त्याच्या मोजपट्टीवर ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा इथे ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये ५४ च्या पुढे. पण पुलाच्या मोजपट्टीवर ४८ दिसत असताना आपल्या गल्लीत पाणी गुडघ्याला असेल की छातीला, हे प्रत्येकजण आपापल्या आठवणीवरून ठरवतो. सामान कधी हलवायचं, म्हाताऱ्या माणसांना कधी बाहेर काढायचं, हेही मग त्या आठवणीवरच ठरतं.

आभासी वास्तवात, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या व्हीआरमध्ये, संशोधन करायला यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही. म्हणून या लेखात सगळ्या पायऱ्या याच उदाहरणावर दाखवल्या आहेत. सांगली, मिरज, कराड, साताऱ्याच्या महाविद्यालयांतले जे विद्यार्थी आणि शिक्षक विभागाच्या कपाटातला एकुलता एक हेडसेट (डोक्यावर चढवायचा व्हीआरचा पडदा) बाहेर काढून काहीतरी गंभीर करू पाहताहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. या कामात हेडसेटला सगळ्यात कमी वेळ लागतो. वेळ जातो तो प्रश्न घासूनपुसून घेण्यात, तुलना न्याय्य करण्यात आणि समोर बसलेल्या माणसाची काळजी घेण्यात.

पायरी १: प्रश्न इतका लहान करा की तो मोजता येईल

"पूर व्यवस्थापनात व्हीआरचा उपयोग" हा प्रश्न नाही, ते सेमिनारचं शीर्षक आहे. त्याला खाली आणत आणत असं करा: "मोजपट्टीचा आकडा ऐकून एखाद्या ठिकाणी पाणी किती उंच असेल, याचा अंदाज हेडसेटमध्ये सराव केलेल्या माणसाचा जास्त बरोबर येतो, की तोच सराव नकाशा आणि फोटोंवर केलेल्याचा?" आता उत्तर सेंटिमीटरमध्ये मिळेल. "तुम्हाला हा अनुभव आवडला का?" असं विचारून मिळणाऱ्या उत्तरांवर प्रबंध उभा करू नका. नवं खेळणं डोक्यावर चढवलेल्या माणसाला ते आवडतंच, आणि ते आणणाऱ्या पोरांना वाईट वाटू नये म्हणूनही तो "छान" म्हणतो.

तुलना कशाशी करायची, हे इथेच ठरवा. नकाशाशी तुलना केली, तर "हे रोजच्या पद्धतीपेक्षा उपयोगी आहे का" याचं उत्तर मिळतं. तेच त्रिमितीय दृश्य लॅपटॉपच्या पडद्यावर दाखवून तुलना केली, तर "फरक हेडसेटमुळेच पडतो का" हे कळतं. दोन्ही प्रश्न चांगले आहेत, पण पहिल्या प्रयोगात दोन्ही कवटाळायला गेलात तर माणसं पुरणार नाहीत. आपत्ती व्यवस्थापनाच्या लोकांना पहिल्यात रस असेल, व्हीआरच्या अभ्यासकांना दुसऱ्यात. माझं मत विचाराल तर दुसरा घ्या. त्यात नवेपणाचा प्रभाव वेगळा काढणं थोडं सोपं जातं.

साताऱ्याकडच्यांनी पुराच्या मागे लागायची गरज नाही. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. तिथे जाण्याआधी हेडसेटमध्ये पठार पाहिलेला पर्यटक फुलांवर पाय देणं टाळतो का, हाही चांगला मोजण्याजोगा प्रश्न आहे.

पायरी २: आधी कुणी काय केलं ते वाचा, पण बुडू नका

डोक्यावर बसवायचा, संगणकाने चित्र काढणारा पडदा इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्येच दाखवला होता. म्हणजे "ही नवी तंत्रज्ञानशाखा आहे" हे वाक्य प्रस्तावनेतून काढून टाका. त्याऐवजी तीन धागे धरा. पहिला धागा उपस्थितीच्या भावनेचा. मेल स्लेटर यांनी २००९ मध्ये तिचे दोन भाग वेगळे केले: "मी तिथे आहे" असं वाटणं आणि "हे खरोखर घडतंय" असं वाटणं. दुसरा धागा मळमळीचा. डोळे सांगतात शरीर हलतंय, कानातली तोलाची यंत्रणा सांगते हलत नाहीये, आणि या विसंवादातून त्रास होतो, हे त्यातलं सर्वात मान्यताप्राप्त स्पष्टीकरण आहे.

तिसरा धागा आपल्या प्रश्नाच्या मुळावर येतो. हेडसेटमध्ये माणसाला अंतरं खऱ्यापेक्षा कमी वाटतात. रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात लोकांचे अंदाज सरासरी खऱ्या अंतराच्या ७४ टक्क्यांच्या आसपास निघाले. नव्या हेडसेटमध्ये हा दोष कमी झाला आहे, पण गेलेला नाही. ज्या साधनातच अंतर आखूड दिसतं, त्यातून पाण्याची उंची शिकवायची तर काय काळजी घ्यावी लागेल, याचं उत्तर पाचव्या पायरीत आहे.

लेख मिळवण्यासाठी पैसे भरू नका. "एक राष्ट्र, एक वर्गणी" योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे आणि शासकीय उच्च शिक्षण संस्थांना तिच्यातून हजारो नियतकालिकं उघडी झाली आहेत. तुमचं महाविद्यालय त्यात आहे का, ते ग्रंथपालांना विचारा. नसेल तर लेखकाला दोन ओळींची विनंती धाडा, बहुतेक जण लेख पाठवतात. एकट्याने वाचण्यापेक्षा चार-पाच जणांनी दर पंधरवड्याला एक लेख वाटून घ्यावा आणि दीड तास त्याची चिरफाड करावी. एका बैठकीत एकच लेख, आणि तो सगळ्यांनी वाचूनच यायचं.

पायरी ३: माणसं जमवा, आणि सगळी संगणकवाली नकोत

चार भूमिका भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. दृश्य बनवणारा एक. मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्र जाणणारा एक, जो प्रयोगाच्या रचनेत चुका काढेल. स्थापत्य विभागातला एक, कारण जमिनीच्या पातळ्या मोजायच्या आहेत. आणि सहभागींशी नीट बोलू शकणारा एक. ही चौथी भूमिका लोक गंमतीत घेतात. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, तर एखाद्या हौशी नाट्यसंस्थेतला मुलगा किंवा मुलगी सोबत घ्या. रोज आठ वेळा तेच निवेदन त्याच सुरात, न कंटाळता करणं हे प्रशिक्षित माणसाचंच काम आहे. सूचना देणाऱ्याचा उत्साह दुपारनंतर ओसरला, तर तो फरक तुमच्या आकड्यांत उतरतो.

पायरी ४: हेडसेट आणि खोली

संगणकाविना चालणारा, मेटा कंपनीच्या क्वेस्टच्या वर्गातला कुठलाही हेडसेट पुरेसा आहे. पुठ्ठ्याच्या डबीत मोबाइल घालायचा जुना प्रकार या प्रयोगाला चालणार नाही. त्यात डोकं वळवलेलं कळतं, पण पुढे वाकलेलं किंवा खाली बसलेलं कळत नाही, आणि उंचीच्या प्रश्नात तेच हवं आहे. विकत घेताना भारतात वॉरंटी मिळते का, ते पावतीवर पाहून घ्या. परदेशातून कुणाकडून तरी मागवलेला हेडसेट बिघडला की प्रकल्प थांबतो.

खोलीत किमान २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा हवी आणि भोवती आणखी हातभर. वर बघा: आपल्याकडच्या खोल्यांत छताचा पंखा डोक्यावरच असतो आणि हेडसेटची सुरक्षा-सीमा त्याबद्दल काही सांगत नाही. पंख्याखाली उभं करू नका. कोऱ्या पांढऱ्या भिंतींवर कॅमेऱ्यांना धरायला काही सापडत नाही, मग चित्र सरकतं. चार पोस्टर किंवा जुनी कॅलेंडरं लावली की काम होतं. मोठा आरसा असेल तर त्यावर चादर टाका. ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याचा त्रास होत असेल, तर सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडता येतं का पाहा. भिंगांवर ऊन कधीही पडू देऊ नका. भिंगातून एकवटलेलं ऊन आतला पडदा कायमचा जाळतं. खिडकीत ठेवलेला हेडसेट म्हणजे गेलेला हेडसेट.

बॅटरी साधारण दोन तास चालते. दुपारी वीज जाईल हे गृहीत धरून पॉवर बँक किंवा यूपीएस ठेवा. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात माणसाला घाम येतो, भिंगावर वाफ धरते आणि मळमळही वाढल्यासारखी वाटते. प्रयोग जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. पावसाळ्यात तर अजिबात नको, त्याचं कारण सहाव्या पायरीत येईल.

पायरी ५: दृश्य बनवा

साधनं फुकट आहेत: घरं-रस्ते उभे करायला ब्लेंडर, दृश्य चालवायला युनिटी, गोडो किंवा अनरियल. जे वापराल त्यात ओपनएक्सआर मानक चालू ठेवा, म्हणजे उद्या दुसऱ्या कंपनीचा हेडसेट आला तरी सगळं पुन्हा लिहावं लागणार नाही.

चार-पाच ठिकाणं निवडा. मारुती चौकासारखी ओळखीची जागा मोहात पाडते, पण ओळखीच्या जागेत माणूस दृश्यावरून शिकतो की आठवणीतून, हे सांगता येत नाही. सरावाला काही ठिकाणं आणि चाचणीला वेगळी, असा भेद ठेवा.

आता मुख्य कष्ट. मोजपट्टीवरचे ४५ फूट हे रस्त्यावरचे ४५ फूट नव्हेत. ती नदीच्या पातळीची त्या मोजपट्टीच्या शून्यापासूनची उंची आहे. एखाद्या चौकातली पाण्याची खोली म्हणजे तिथली पाण्याची पातळी वजा तिथल्या जमिनीची पातळी. स्थापत्यच्या विद्यार्थ्यांकडून ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून जमिनीच्या पातळ्या घ्या. ज्या भिंतींवर २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा अजून आहेत, तिथे त्या खुणांची उंची मोजा. त्या दोन पुरांचे कमाल आकडे माहीत असल्याने खुणा आणि मोजपट्टी यांचा मेळ घालता येतो. पुराचं पाणी नदीच्या वाहत्या दिशेने उतरतं, आरशासारखं सपाट नसतं, म्हणून एका चौकाचं गणित दुसऱ्या पेठेला तसंच लावू नका. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषाही पाहून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. एवढं करूनही तुमच्या "बरोबर" उत्तरात काही सेंटिमीटरची चूक राहणारच. ती किती, हे लिहून ठेवा, अहवालात लागेल.

दृश्यात पाणी गढूळ आणि अपारदर्शक ठेवा. खऱ्या पुराचं पाणी तसंच असतं, आणि पारदर्शक पाणी काढताना हेडसेटची छोटी चिप दमते. ७२ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रं दाखवताना, एक चित्र काढायला फक्त १३.९ मिलिसेकंद मिळतात. ते चुकू लागलं की चित्र अडखळतं आणि माणसाला मळमळू लागतं. चमकदार लाटा, पाऊस, वाहणारी भांडी असले प्रकार नकोत. बक्षीस समारंभात टाळ्या मिळवतात, प्रयोगात गोंधळ घालतात.

अंतर आखूड दिसण्यावरचा उपाय आता सांगतो. दृश्यात माणसाला ज्यांचं माप अंगवळणी पडलेलं असतं अशा वस्तू खऱ्या मापात ठेवा: दारासमोरची स्कूटर, ओटा, उंबरा, विजेचा मीटर. पाणी स्कूटरच्या सीटला लागलंय हे पाहणाऱ्याला सेंटिमीटर सांगावे लागत नाहीत. दुसरं म्हणजे जमिनीची नोंद. हेडसेटने जमीन १० सेंटिमीटर वर धरली, तर तुमचं सगळं पाणी १० सेंटिमीटर चुकलं. रोज सकाळी कंट्रोलर (हेडसेटसोबत हातात धरायचं बटणांचं साधन) फरशीवर ठेवा आणि दृश्यात त्याची उंची शून्याच्या जवळ येते का बघा. एका मिनिटाचं काम आहे, पण ते चुकवलंत तर त्या दिवसाची सगळी माहिती टाकाऊ होऊ शकते.

कंट्रोलरवरच्या जॉयस्टिकने माणसाला दृश्यातल्या रस्त्यावरून चालवू नका. मळमळ तिथूनच सुरू होते. माणूस एका जागी उभा राहील, दृश्य काळं होईल, पुढचं ठिकाण उघडेल, एवढंच.

पायरी ६: परवानगी, आणि ज्यांनी पूर पाहिलाय त्यांच्याशी वागणं

ही पायरी शेवटच्या आठवड्यात उरकायची नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं डाउनलोड करून घ्या. माणसांवरच्या अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. अभियांत्रिकी महाविद्यालयात अशी समिती बहुधा नसते. दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे करार करून जाता येतं आणि मिरज, सांगली, कराडला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अर्जात "धोका नाही" असं लिहू नका. धोके आहेत: मळमळ, डोळ्यांवर ताण, धडपडणं, आणि आपल्या बाबतीत सर्वात मोठा, मनावर येणारा ताण.

गावभागात, दत्तनगरात, सूर्यवंशी प्लॉटमध्ये अशी कुटुंबं आहेत ज्यांनी माळ्यावर रात्र काढली आहे, दुभती जनावरं गमावली आहेत. त्यांच्या डोळ्यांना चिकटवून पाणी दाखवणं हा खेळ नाही. म्हणून काही नियम आधीच पाळायचे. चढतं पाणी दाखवायचं नाही. आधी कोरडं दृश्य, मग काळोख, मग थांबलेलं पाणी. किंकाळ्या, सायरन, पावसाचा आवाज नको. कुणालाही स्वतःची गल्ली दाखवायची नाही. पाण्याची पातळी छातीच्या वर न्यायची नाही. संमतीपत्रात "या दृश्यात पुराचं पाणी दिसेल" हे पहिल्याच परिच्छेदात, ठळक अक्षरांत. हेडसेट चढवण्यापूर्वी तेच तोंडी सांगायचं आणि "थांबा" म्हटलं की कारण न विचारता थांबायचं. समुपदेशकाशी आधी बोलून ठेवा, त्याचा नंबर सगळ्यांना द्या, फक्त रडलेल्यांना नको. हे सगळं पाळायचं असल्यामुळेच पावसाळ्यात प्रयोग नको. बाहेर आयर्विनला ३८ असताना आत ४५ दाखवणं क्रूर आहे.

पहिल्या प्रयोगासाठी मी तर ज्यांच्या घरात पाणी आलं नाही अशीच माणसं घेईन: विश्रामबाग, कुपवाडकडची. त्याने निष्कर्षाची व्याप्ती कमी होते, ती मान्य करायची.

संमतीपत्र मराठीत, मोठ्या टायपात, दोन पानांत संपणारं असावं. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा आणि गटाबाहेरच्या एका साक्षीदाराची सही घ्या. १८ वर्षांखालचे नकोत. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातली मुलं धरून आणू नयेत. इंटर्नल मार्क ज्याच्या हातात आहेत त्याला "नाही" कोण म्हणणार? प्रवासखर्च आणि चहा द्यावा. मोठी रक्कम देऊ नये, कारण मग पैशासाठी माणूस त्रास लपवतो. फिट येण्याचा इतिहास, तोलाचा जुना आजार, गर्भारपण, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया किंवा त्या दिवशीचा ताप असेल तर नम्रपणे परत पाठवा.

खासगीपणाबद्दल एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. नाव काढून टाकलं की माहिती निनावी झाली, असं हेडसेटच्या बाबतीत होत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिलर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ५११ जणांपैकी कोण कोणता, हे फक्त डोक्या-हातांच्या हालचालींवरून सुमारे ९५ टक्के वेळा ओळखता आलं, तेही माणशी पाच मिनिटांहून कमी नोंदींवरून. म्हणून हालचालींच्या कच्च्या नोंदी जाहीर करू नका आणि संमतीपत्रात हे सांगा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही डोळ्यांखालून घाला. हेडसेटवर कुणाचं खासगी खातं नको, प्रकल्पाचं वेगळं खातं उघडा.

आणि एक सूचना, जी कुठल्या समितीच्या तक्त्यात नसते. तुमच्या दृश्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बाहेर गेला, तर तो "४५ ला इथपर्यंतच येतं" म्हणून व्हॉट्सॲपवर फिरेल आणि कुणीतरी त्यावर विसंबून घरात थांबेल. प्रत्येक दृश्यावर "संशोधनासाठी, पूर-अंदाज नाही" अशी पट्टी टाका. खोलीत मोबाइल बाहेर काढू देऊ नका.

पायरी ७: किती माणसं, कोण कुठल्या गटात

इथे एकाच माणसाला दोन्ही पद्धती दाखवता येत नाहीत, कारण पहिल्यातून शिकलेलं दुसऱ्यात बरोबर येतं. म्हणून दोन वेगळे गट. फरक मध्यम असेल, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत परिणामाचा आकार (दोन सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन) ०.५, तर नेहमीच्या मोजमापाने प्रत्येक गटात ६४ जण लागतात. फरक मोठा, ०.८ असेल, तर २६ जण पुरतात. जी-पॉवर हे फुकट सॉफ्टवेअर हा हिशेब करतं. ५२ माणसं एका हेडसेटवर, रोज आठ या गतीने, सात दिवसांत होतात; १२८ ना सोळा दिवस लागतात. आपल्या बळावर काय झेपतं ते बघून ठरवा, आणि २६ घेतले तर "लहान फरक आमच्या नजरेतून सुटू शकतो" हे अहवालात लिहा. दहा मित्रांवर प्रयोग करून "व्हीआर प्रभावी ठरले" म्हणणाऱ्या लेखांची आपल्याकडे वानवा नाही.

कोण कुठल्या गटात, हे संगणकाने आधीच काढलेल्या यादीवरून ठरावं. "आजीबाईंना लॅपटॉपच द्या" असली दया नको. दोन्ही गटांना तेवढाच वेळ, तीच ठिकाणं, तेच निवेदन. गृहीतक, माणसांची संख्या, कुणाची माहिती वगळणार, कोणती चाचणी लावणार, हे सगळं पहिला सहभागी येण्याआधी ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवून टाका. फुकट आहे.

पायरी ८: काय मोजायचं, कशाने

मुख्य मोजमापासाठी आठ फुटी पीव्हीसी पाइप भिंतीला उभा लावा. त्यावर खूण नको. वर-खाली सरकणारी एक क्लिप लावा आणि मागच्या बाजूला, सहभागीला न दिसेल अशी, मोजपट्टी. सहभागीला नव्या ठिकाणाचा कोरडा फोटो दाखवायचा, "आयर्विनला ५०" असं सांगायचं, आणि तो क्लिप सरकवून "इथपर्यंत" म्हणतो. प्रत्येक वेळी क्लिप कुठून सुरू होते, वरून की खालून, ते बदलत राहा, नाहीतर माणूस सुरुवातीच्या जागेच्या आसपासच थांबतो. चूक दोन्ही प्रकारे नोंदवा: किती चुकलं आणि कुठल्या बाजूला. कमी अंदाज धोक्याचा असतो, जास्त अंदाज फार तर त्रासाचा. आठवड्याने पुन्हा बोलावून तीच चाचणी घेता आली तर सोन्याहून पिवळं.

मळमळीसाठी केनेडी आणि सहकाऱ्यांची १९९३ ची प्रश्नावली वापरा. त्यात १६ लक्षणं, प्रत्येकाला ० ते ३ गुण. मळमळ, डोळ्यांचा त्रास आणि गरगर या तीन गटांच्या बेरजांना अनुक्रमे ९.५४, ७.५८ आणि १३.९२ ने गुणतात, आणि एकूण गुणांसाठी तिन्ही मूळ बेरजा मिळवून ३.७४ ने. काही लक्षणं दोन गटांत मोजली जातात, म्हणून बेरीज हाताने करताना गोंधळ होतो. तक्ता आधीच बनवून ठेवा. ही प्रश्नावली हेडसेटच्या आधीही भरून घ्यायची. एसटीत दोन तास उभं राहून आलेल्या माणसाचं डोकं आधीच दुखत असतं.

प्रश्नावली मराठीत आणताना एकाने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं, मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून फरक काढावेत. त्यानंतर पाच सामान्य माणसांना वाचून दाखवा आणि "तुम्हाला यातून काय कळलं?" एवढंच विचारा. उपस्थितीची १४ प्रश्नांची प्रश्नावली मिळते, पण ती तुमच्या गृहीतकाशी जोडलेली असेल तरच घ्या. जितके कागद जास्त, तितकी शेवटची उत्तरं आंधळी.

पायरी ९: आधी पाच-सहा जणांवर चालवून बघा

यांची माहिती मुख्य विश्लेषणात घ्यायची नाही. कुठे अडतं ते पाहायचं, घड्याळ लावायचं. यात एकजण साठीच्या पुढचा आणि एकजण चष्मेवाला असलाच पाहिजे.

पायरी १०: प्रयोगाचा दिवस

एका माणसाला ३५ ते ४० मिनिटं धरा. आधी संमती आणि बोलणं, मग पहिली प्रश्नावली, मग बसवणं. भिंगांमधलं अंतर प्रत्येकासाठी लावून घ्या. प्रौढांच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण फरक बराच असतो, आणि ते चुकलं की अंधुक दिसतं, डोळे दुखतात. चष्मा असेल तर भिंगाला घासू नये म्हणून मधली पट्टी लावा. अंबाडा असेल तर पट्टा त्याच्या खालून घ्या. गजरा काढायला सांगू नका, पट्टा सैल करा. पदर डोक्यावर असेल तर तो तसाच राहू द्या आणि हेडसेट बाईंना स्वतःच्या हाताने लावू द्या, शेजारी एक विद्यार्थिनी असावी. टिकली आणि तेल आतल्या गादीला लागतं, म्हणून धुता येणारं सिलिकॉनचं आवरण लावा. प्रत्येकानंतर ते पुसा, भिंगं मात्र कोरड्या मऊ कापडानेच. सॅनिटायझर भिंगाला लावलंत तर वरचा थर जातो.

पहिली दोन मिनिटं रिकाम्या, शांत दृश्यात जाऊ द्या. मग सराव, आठ मिनिटांच्या वर नाही. एकजण सतत हाताच्या अंतरावर उभा पाहिजे. ज्यांना उभं राहणं जड जातं त्यांना चाकं नसलेली खुर्ची द्या, पण बसून पाहिलं की डोळ्यांची उंची बदलते आणि पाणी जास्त खोल वाटू शकतं. म्हणून कोण बसलं होतं याची नोंद करा. नंतर पाच मिनिटं बसवा, पाणी द्या, दुसरी प्रश्नावली घ्या, मग पाइपाची चाचणी. गरगर वाटत असेल त्याला लगेच दुचाकीवर बसू देऊ नका, अर्धा तास थांबवा.

रोज संध्याकाळी माहितीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. सहभागींची नावं आणि क्रमांक यांची जोडणारी यादी कागदावर, कुलपात.

पायरी ११: आकडे आणि लेखन

जॅमोव्ही किंवा जास्प ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअरं फुकट आहेत, आर ही संगणकभाषा येत असेल तर उत्तम. आधी प्रत्येक माणसाचा ठिपका आलेखावर टाका. सरासरी नंतर. दोन गटांच्या सरासरींची तुलना करायला वेल्चची टी-चाचणी पुरते. तिच्यासोबत फरक किती सेंटिमीटरचा आणि त्याची विश्वासमर्यादा (खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा ती कक्षा) किती, ते द्या. १२ सेंटिमीटरचा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठळक निघाला, तरी तुमच्या "बरोबर" उत्तरातली चूकच १० सेंटिमीटरची असेल तर मोठा दावा करू नका. काहीच फरक निघाला नाही, तरी लिहा. हेडसेटवर खर्च करण्याआधी एखाद्या नगरपालिकेला तेच कळणं जास्त कामाचं.

लेख पूर्ण होण्याआधी पोस्टरच्या रूपात आयट्रिपलई व्हीआर किंवा इंडिया एचसीआयसारख्या परिषदेत पाठवता येतो, तिथले परीक्षक फुकटात चुका दाखवतात. नियतकालिक निवडताना "१५ दिवसांत प्रसिद्धी, शुल्क अमुक" असं आमंत्रण आलं की ते डिलीट करा. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली आहे, त्यामुळे पारख आता तुम्हालाच करावी लागते. संपादक मंडळातल्या दोन जणांना ईमेल करून "तुम्ही खरंच इथे आहात का?" विचारलं की पुष्कळ उलगडतं.

दृश्याची फाइल, प्रश्नावलीचं मराठी भाषांतर, निवेदनाची संहिता आणि विश्लेषणाचा कोड, हे चारही खुले करा. कच्च्या हालचाली वगळा. मराठी प्रश्नावली तर वेगळी, स्वतःच्या नोंदीसह टाका, म्हणजे कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या गटाला ती पुन्हा करावी लागणार नाही. निकालाचं एक पान सोप्या मराठीत लिहून प्रत्येक सहभागीला पाठवा, आणि एक प्रत महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात नेऊन द्या. मे महिन्याच्या आत द्या, जूनमध्ये त्यांना वाचायला वेळ नसतो.